भिकनची गोळी आणि दोन तज्ज्ञ

भिकनच्या पायांना सूज चढली तेव्हा जावई सुदर्शन छाती फुगवून म्हणाला, "करमाडच्या दवाखान्यात कशाला? शहरात नेतो. हृदयाचा डॉक्टर, किडनीचा डॉक्टर, सगळे एकाच छताखाली."

छत एकच होतं, एवढं खरं.

भिकनची बायको राजाबाई. सारा जन्म मेंढरांमागं गेलेली. शहरात गारखेड्यातल्या त्या दवाखान्यात ती खाटेशेजारी बसून राहिली. सकाळी हृदयाचे डॉक्टर राजकुमार आले, पाय दाबून पाहिले आणि लघवीवाटे सूज उतरवायची गोळी सुरू केली. दुपारी किडनीचे डॉक्टर विश्वजीत आले, रिपोर्ट पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि किडनीवर ताण येतोय म्हणून गोळी बंद केली. जाताना राजाबाईला म्हणाले, राजकुमार सरांना तेवढं सांगा. दुसऱ्या दिवशी राजकुमार सरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि तो निरोपही तिच्याकडंच दिला. दोघांच्या खिशात दोन-दोन मोबाइल होते, पण राजाबाईला रिचार्ज लागत नव्हता.

नर्स दीपमाला म्हणाली, मोठ्या सरांच्या मधे मी कशी बोलू? सुदर्शन म्हणाला, दोन-दोन तज्ज्ञ लक्ष घालतायत, नशीब लागतं. सूज तोवर गुडघ्याला पोचली होती. राजाबाईचा धीर सुटला. तिनं दोघांनाही वेगवेगळं गाठून हात जोडले: एकमेकांचं ऐका, नायतर माझा मालक जाईल.

माणसं भली. ऐकलं. सकाळी राजकुमार सरांनी विश्वजीत सरांचा मान राखून गोळी बंद केली. दुपारी विश्वजीत सरांनी राजकुमार सरांचा मान राखून ती सुरू केली.

आता मात्र राजाबाई उठली. विश्वजीत सर शेजारचा पेशंट तपासत होते, तेवढ्यात ती खाली ओपीडीत शिरली, राजकुमार सरांच्या कोटाची बाही धरली आणि सगळ्या रांगेदेखत त्यांना वर घेऊन आली.

"इथंच बोला," ती म्हणाली. "बोलल्याबिगर कुणी हालायचं नाय."

राजकुमार सरांनी समोरच्या कोटावरची नावाची पट्टी वाचली. मग राजकुमार सर हसले. "आपणच विश्वजीत सर का? वर्षभर नुसती सही बघतोय तुमची."

चहा यायच्या आत ठरलंसुद्धा. गोळी अर्धी, आणि रोज रक्त तपासायचं. सूज उतरली. भिकन जेवायला लागला, बायकोवर खेकसायलाही लागला.

दवाखान्यातून सोडताना दोघं डॉक्टर एकत्र आले. काही वाटलं तर लगेच फोन करा, म्हणाले.

"कुणाला करू, साहेब?" राजाबाईनं विचारलं.

दोघांनी मोठ्या अदबीनं एकमेकांकडं बोट दाखवलं.