प्रयागकाकूंचा तारांकित प्रश्न

सकाळचे अकरा वाजले की आमच्या गल्लीत लोकसभेचे अध्यक्ष "बैठ जाइए, बैठ जाइए" असं ओरडायला लागतात. नवखा माणूस दचकतो. एक नवीन भाजीवाली तर पाटी उतरवून खरंच ओट्यावर बसली होती. तो आवाज समोरच्या प्रयागकाकूंच्या टीव्हीचा. औशातल्या बाकीच्या बायका मालिका बघतात आणि तिथल्या सुनांचे हाल बघून हळहळतात. प्रयागकाकू संसदेचं कामकाज बघतात आणि देशाचे हाल बघून चिडतात.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान काकूंच्या दारासमोरच आहे. त्यामुळे देशाचा कारभार मला न मागता ऐकू येतो. हिंदी भाषणं काकूंना समजतात. कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की मात्र त्या दारात येऊन हाक मारतात, "सुधाकर, ये रे. दक्षिणेकडचा उठलाय." मग गिऱ्हाइकाला तसंच सोडून मला जावं लागतं. गिऱ्हाईकही कुरकुरत नाही. औशात काकूंशी वैर करून कुणाचं भलं झालेलं नाही.

प्रश्नोत्तराच्या तासात त्यांच्या घरी दूध, पाणी, पाहुणा काही आत जात नाही. सभागृह दोनपर्यंत तहकूब झालं की स्वयंपाकही दोनपर्यंत तहकूब. याचा सगळ्यात जास्त त्रास अण्णांना. अण्णा म्हणजे काकूंचे यजमान, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. जन्मभर लातूर-सोलापूर रस्त्यावर गाडी चालवली, पण घरात स्टेअरिंग कधी हाती आलं नाही. संसदेपासून ते एकच गोष्ट शिकले, मंत्र्यांसारखं उत्तर टाळायला. काकूंनी विचारलं, "दळण आणलं का?" की अण्णा शांतपणे म्हणतात, "माहिती गोळा करायलोय."

"सकाळपासून गोळाच करायलाव का?"

"गोळा झाली की पटलावर ठेवतो."

"सभागृहाची दिशाभूल व्हायलीय," असं जाहीर करून काकू त्यांना निलंबित करतात. निलंबित अण्णा बसस्टँडवरच्या हॉटेलात जाऊन चहा पीत बसतात. निलंबन मागं घेतल्याचा निरोप पोचवायचं काम माझ्याकडे असतं.

काकू आधी अशा नव्हत्या. अगदी अलीकडेपर्यंत त्याही मालिकाच बघायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा बालाजी फौजेत आहे. तो शांतिसेनेच्या तुकडीबरोबर आफ्रिकेतल्या एका देशात गेला आणि इकडे हे सुरू झालं. त्याचं खरं नाव आणि त्या देशाचं नाव मी इथं कागदावर आणत नाही, काकूंची तशी ताकीद आहे.

झालं असं की एका रविवारी बालाजीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तो पाय धूत बसलेला होता. काकूंनी विचारलं, पायाला काय झालं? तो हसत म्हणाला, "कायी न्हाई आई. इथं आपल्या रानावाणीच काळी माती हाय. पाऊस झाला की धरून ठेवती. बुटाचा तळ सुटला, तसाच चालत आलो." मग आईचा चेहरा बघून त्याच्या लक्षात आलं की आपण नको ते बोललो. "तू हे कुठं बोलू नको. माझं नाव तर अजिबात घेऊ नको. साहेबांच्या कानावर गेलं तर उगा लफडं हुईल."

नाव घेणार नाही, असा काकूंनी शब्द दिला. आता आईने मुलाला शब्द दिला, तर तो पाळायलाच हवा. पण शब्द नावाचा होता, बुटाचा नव्हता. काकूंनी मुलाचं नाव सोडलं आणि बूट धरला.

दुसऱ्या दिवसापासून 'परदेशात मोहिमेवर जाणाऱ्या जवानांच्या साहित्याची तपासणी' हा विषय आमच्या गल्लीच्या पटलावर आला. पहिली साक्ष गफ्फारभाईंची झाली. मेन रोडवर त्यांचं तीन पिढ्यांचं चपलांचं दुकान आहे. काकूंनी त्यांना गिऱ्हाइकांदेखत उभं करून विचारलं, काळ्या मातीत कोणता बूट टिकतो? गफ्फारभाई म्हणाले, "भाभी, चिपकायेसो तल्ला नै टिकता. सिलाई होना. साइज बोलो, मैं देतूं."

"साइज एकाची न्हाई, देशाची हाय."

"देश की साइज मेरे पास नै," असं म्हणून गफ्फारभाईंनी शटर अर्धं खाली ओढलं.

साक्ष झाली, मग चाचणी झाली. काकूंनी चिकटवलेल्या तळाचा बूट आणवला, शेताच्या कोपऱ्यात पाणी सोडलं आणि अण्णांना त्यातून चालायला लावलं. स्वतः बांधावर छत्री घेऊन उभ्या. अण्णा पलीकडे पोचले, उजवा बूट पोचला नाही.

"चाचणी फेल," काकू म्हणाल्या.

"कुणाची?" अण्णांनी विचारलं. त्या दिवशी त्यांना न विचारता निलंबन मिळालं.

हे सगळं काकू लोकसभेत होणाऱ्या संरक्षण खर्चावरच्या चर्चेच्या तयारीसाठी करत होत्या. त्या दिवशी दिल्लीत परदेशातल्या जवानांच्या साहित्याचा विषय निघणार अशी त्यांना आशा होती. सकाळीच भाकरी उरकून, नवी साडी नेसून त्या टीव्हीपुढे बसल्या. मलाही बसवलं. कॅमेरा फिरला तर बाकं रिकामी. एक जण पेंगत होता, एक मोबाइलमध्ये होता. काकू म्हणाल्या, "एवढी जागा रिकामी हाय तर ज्वारी वाळत घाला म्हणावं." जे बोलायला उठले त्यांनी शूर जवानांना वंदन केलं, शेर म्हटला आणि आपल्या मतदारसंघात रेल्वे थांबत नाही इकडे वळले. एक खासदार मात्र खरंच म्हणाले की बाहेरदेशी पाठवलेल्या जवानांकडे काय आहे, काय नाही, याचा हिशोब या सभागृहाने कधी नीट विचारला का? काकू ताठ झाल्या. तेवढ्यात घंटी वाजली, त्यांची वेळ संपली. मग कशावरून तरी गोंधळ सुरू झाला. त्या गोंधळातच "जे अनुकूल असतील त्यांनी हो म्हणावं" झालं, 'हो' झालं आणि सगळा खर्च मंजूर झाला.

"झालं?" काकूंनी मला विचारलं.

"झालं."

"बालाजीच्या शाळंतलं गॅदरिंग बी याच्यापेक्षा जास्त येळ चाललं व्हतं."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी थेट प्रक्षेपण पाहिलं.

मग काकूंनी ठरवलं की आपल्याच खासदाराला गाठायचं. प्रश्न तारांकितच विचारायला लावायचा, म्हणजे मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. लेखी उत्तरावर काकूंचा भरवसा नाही. "कागद कुणी बी लिहून देतंय. बोलताना तोंडाकडं बघाय पायजे," असं त्यांचं म्हणणं.

खासदाराला भेटायला आपल्याकडे दिल्लीला जावं लागत नाही. लग्नसराईत मंगल कार्यालयात उभं राहिलं की पुरतं. आमचे खासदार संसदेत किती वेळा बोलले ते मला ठाऊक नाही, पण तालुक्यातली एक अक्षता त्यांच्याशिवाय पडलेली नाही. तसे ते लातूर रस्त्यावरच्या एका लग्नात आले. काकूंनी त्यांना जेवणाच्या मांडवात, हात धुऊन वळताना गाठलं. मागं अण्णा, त्यांच्या मागं मी.

"बोला आक्का," खासदार प्रसन्नपणे म्हणाले. "रस्ता, नळ का बदली?"

"बूट," काकू म्हणाल्या.

खासदारांनी आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. काकूंनी सगळं सांगितलं. माती, तळ, शिलाई, गफ्फारभाईंची साक्ष, अण्णांची चाचणी. बाहेरदेशी पाठवता तर पायात काय घालून पाठवता, हे सभागृहात विचारा, म्हणाल्या. सांगायला हवं की माणूस वाईट नव्हता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग खिशातून फोन काढला.

"तुमचा लेक हाय ना तिकडं? नाव सांगा, तुकडी सांगा. माझ्या वळखीचे एक मोठे साहेब हायत. आत्ता फोन लावतो. आठवड्यात नवे बूट त्याच्या पायात."

मांडवात सगळे बघायला लागले. खासदारांचा पीए नाव लिहून घ्यायला पुढं सरकला. अण्णा काकूंच्या कानाशी म्हणाले, "सांग की. सांगून टाक." काकूंचे ओठ हललेले मी पाहिले. ज्यासाठी एवढे महिने जीव टांगणीला लावला, ते एका नावाच्या अंतरावर होतं.

"नाव न्हाई," काकू म्हणाल्या. "समद्यांचं विचारा."

"समद्यांचं विचारायला लई लांबण लागतंय आक्का. एकाचं आत्ता हून जातंय."

"मग ऱ्हाऊ द्या."

खासदारांना खरंच कळेना. काम करून देतो म्हटल्यावर नको म्हणणारा मतदार त्यांनी पाहिला नसावा. त्यांनी हात जोडले आणि ते पुढच्या लग्नाला गेले.

संध्याकाळी मी दुकान बंद करून समोर गेलो. टीव्ही बंद होता. अण्णा अंगणात बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. बायकोवर ते रागावलेले मी पहिल्यांदा पाहिले. काकू उंबऱ्यात बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"सुधाकर, आई हाय का वैरीण रे मी?" त्या म्हणाल्या. "आठ दिसांत पायात बूट आले असते लेकराच्या."

"मग सांगितलं का नाही काकू?"

"त्याच्यासंग जळकोटकडचा एक पोरगा हाय. फोनवर मला काकूच म्हनतोय. त्याचा बी तळ सुटलाय. माझ्याला नवे आले अन् तो तसाच चालला, तर फोनवर त्याला तोंड कसं दावू?" मग म्हणाल्या, "पर चुकलंच माझं. चुकलं का?"

ती बाई बरोबर होती आणि तिच्या मुलाचे पाय ओले राहणार होते. दोन्ही खरं होतं आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काकू, ते लोक बुटांचं काही विचारणार नाहीत. उगाच त्या टीव्हीपुढे दिवस घालवू नका."

"ते मला म्हाईत न्हाई व्हय?" काकूंनी पदराने नाक पुसलं. "मी बुटासाठी कुठं बसते? त्या देशाचं नाव निघतंय का बघते. बातम्यांत निघत न्हाई. इथं तर कुणाला त्यो देश हाय हेच ठावं न्हाई. तिथं कवातरी एखादा बोलताना नाव घेतोय. तेवढं ऐकलं की वाटतंय, लेकरू कुठंतरी हाय. हरवलेलं न्हाई."

मी उठून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना काकू ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या दिसल्या. रात्रभर झोप नसावी. मी कुलूप तसंच लटकत ठेवलं, रस्ता ओलांडून गेलो आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या देशाचं नाव घेऊन विचारलं, "काकू, तिकडं आत्ता किती वाजले असतील हो?"

सुपातला त्यांचा हात थांबला.

"तिकडं उशिरा उजाडतंय," त्या म्हणाल्या. "आत्ता उठला असंल." मग सूप बाजूला ठेवून हलकेच म्हणाल्या, "अजून एकदा घे की नाव."

मी घेतलं.