कोण कोणास म्हणाले?

विलास गायकवाड गॅस सिलिंडरसाठी फोन करायचे तोही असा : "जय भीम, मी विलास गायकवाड, संत तुकाराम नगर. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आपलं जे बोलणं झालं, त्याच्या पुढचं बोलतोय." एवढं होईपर्यंत पलीकडच्याने बहुधा फोन ठेवलेला असे. मग ते पुन्हा लावत, आणि आता त्यात मधल्या फोनचाही उल्लेख येई.

त्यांना व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवून चालत नसे. "कशाला दाखवलास?" असा उलट प्रश्न यायचा. स्वतः लिहायचे, "तुझ्या ११.०४ च्या मेसेजला : ओके." कँटीनमध्ये कुणी म्हणालं, भाजी खारट आहे, की यांचा घास हातातच थांबायचा. "कोण कोणास म्हणाले? कुठली भाजी, आजची का कालची?" पालिकेच्या शाळेत 'कोण कोणास म्हणाले' या प्रश्नात त्यांना पैकीच्या पैकी मार्क पडायचे, आणि पन्नाशी उलटली तरी ते त्या प्रश्नातून बाहेर आले नव्हते.

चाकणला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही शेजारी बसायचो. सॉफ्टवेअर मी लिहायचो, म्हणजे बिघडवायचो, आणि ते कुठे बिघडलं हे गायकवाड शोधायचे. शोधण्यासाठी त्यांच्याकडे एकच साधन होतं, लॉग. लॉग म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतःची लिहिलेली रोजनिशी. आमच्या सॉफ्टवेअरची रोजनिशी माझ्या स्वभावावर गेली होती. त्यात 'इथपर्यंत आलो', 'रिलीज केलं', 'झालं' अशा ओळी होत्या. एकदा वैतागाच्या भरात मी 'अरे देवा' अशी ओळ टाकली आणि काढायला विसरलो. ती दिवसभर उमटत राहिली. परदेशी ऑडिटरने अर्थ विचारला तेव्हा मी तांत्रिक संज्ञा आहे म्हणून सांगितलं.

"झालं," गायकवाड स्क्रीनवर बोट ठेवून म्हणायचे. "काय झालं, राव? लग्न झालं, बारसं झालं, का वाटोळं झालं? कोण कोणास म्हणाले?"

त्यांचं मागणं साधं होतं. कारखान्यातला कामगार मालाची नोंद करायला स्कॅनरचं बटण दाबतो, तेव्हा सॉफ्टवेअरला एक विनंती जाते. त्या विनंतीला एक नंबर द्यायचा. तो नंबर, माणसाचं नाव आणि कुठल्या स्कॅनरवरून आली ते, एवढं प्रत्येक ओळीवर छापायचं. एका वेळी वीस स्कॅनर बोलत असतात, सगळ्यांच्या ओळी एकमेकांत मिसळतात. नंबर असला की हव्या त्या विनंतीचा धागा वेगळा ओढता येतो. मी दर सोमवारी हो म्हणायचो. आठ महिन्यांत बरेच सोमवार येतात.

मग खोट सापडली म्हणून लाल टॅग लावून थांबवलेली एक बॅच कुणीतरी रिलीज केली, म्हणजे पाठवायला मोकळी केली. ती ट्रकमध्ये चढली, गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत गेली आणि सगळा माल परत आला. कुणाला इजा झाली नाही, पण कुणाला तरी काढल्याशिवाय हा विषय बंद होणार नव्हता. वेळ होती सकाळी अकरा वीस. त्या वेळी लाइनवर उघडं असलेलं लॉगिन रेखाताईंचं.

रेखाताई दिघीहून यायच्या, ठेक्यावर होत्या. सकाळी सगळ्यांच्या आधी पोहोचून त्या लॉगिन करायच्या आणि दिवसभर सगळी लाइन त्यांच्याच लॉगिनवर चालायची. हातमोजे काढून पासवर्ड कोण टाकणार? "मी तवा पॅकिंगला होते, साहेब," एवढंच त्या सांगत राहिल्या. पॅकिंगचा स्कॅनर वेगळा. म्हणजे बटण कुठल्या स्कॅनरवर दाबलं गेलं हे कळलं असतं तर बाई सुटली असती. लॉगमध्ये अकरा वीसला होतं, 'रिलीज केलं.' त्याखाली 'झालं.'

गायकवाडांनी त्या तासाचा लॉग कागदावर छापला. फूटपट्टी आणि दोन रंगांची पेनं घेऊन तीन दिवस ओळीला ओळ जुळवत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पेनाला टोपण लावलं. धागा काही वेगळा निघाला नव्हता.

चौथ्या दिवशी मीटिंग झाली. प्लँट हेडनी रेखाताईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गायकवाड उभे राहिले.

"मी केलं ते, साहेब. टेस्टिंग करत होतो. यांचं लॉगिन उघडं होतं, चुकून दाबलं गेलं."

प्लँट हेड माझ्याकडे वळले. "असं होऊ शकतं?"

त्या दिवशी अकरा वीसला गायकवाड माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले होते. प्रत्येक ओळीवर नंबर का हवा, हे मला चाळीस मिनिटं समजावून सांगत होते. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं. लॉगला माहीत नव्हतं. तिथे कुणाचंच नाव नसल्यामुळे कुणीही यावं आणि स्वतःचं लावावं अशी माझी उत्तम व्यवस्था होती.

"होऊ शकतं," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत त्यांचा राजीनामा घेतला गेला. मी त्यांच्यासोबत गेटपर्यंत गेलो. खरं बोलायची हिंमत मला गेटबाहेर पडल्यावर आली. म्हटलं, चूक माझी आहे, आत जाऊन सांगतो.

"आता नको," ते म्हणाले. "तुझं पोरगं लहान आहे. त्या बाईच्या घरी पाच जण आहेत. माझ्या घरी माझी वाट बघणारं कोण आहे, राव?"

अकरा वर्षं शेजारी बसून हे मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक ओळीवर विनंतीचा नंबर, नाव आणि स्कॅनर घातला. काम वीस मिनिटांचं निघालं, मधल्या चहासकट.

त्यांना फोन करायला मात्र मला दोन महिने लागले. त्यांनी पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला. नंबर घातला म्हणून सांगितल्यावर "छान केलंस" म्हणाले आणि पुढे बोलतच राहिले. नळाला पाणी आता सकाळी येत नाही, मटकी भिजवली होती ती जास्त झाली, गुडघा दुखतो. मग म्हणाले, "रेखाताई आहेत ना रे कामावर?"

महिन्याच्या सुरुवातीला ठेकेदार बदलला होता. जुनी सगळी माणसं गेली होती, रेखाताईंसकट.

"आहेत," मी म्हणालो.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "थांब हं, गॅस बारीक करून येतो," म्हणाले, आणि फोन तसाच ठेवून गेले. मी तो कानाला लावून बसून राहिलो.