हरणाला हिंग कळतो

गावंडे काका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी मोज्यांकडे. मी त्यांच्या तळघरातली खोली भाड्यानं बघायला गेलो, तेव्हा दार उघडून त्यांनी माझं नाव विचारलं नाही. खाली वाकले, माझ्या पँटची कड दोन बोटांनी वर केली आणि म्हणाले, "कापसाचे?"

"हो."

"मरशील."

मग आत बोलावून चहा दिला.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी शिकागोजवळ एम.एस. करत होतो आणि नेपरव्हिलमध्ये एवढ्या कमी भाड्यात खोली मिळणं हे भाग्य होतं. भाडं कमी का, ते हळूहळू कळलं. भाड्यात काकांचं ऐकून घेणंही धरलेलं होतं.

काका मूळचे अकोल्याचे. मे महिन्यात जिथे कावळासुद्धा सावली सोडत नाही, त्या गावात वाढलेला हा माणूस इलिनॉयला येऊन व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर झाला, आणि चाळिशीत त्यानं धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला जायला सुरुवात केली. तीही नोव्हेंबरात, पहाटे, बर्फात. धनुष्य चांगलं दोन्ही टोकांना चाकं असलेलं होतं. गॅरेजमध्ये खुंटीला टांगलेलं असायचं. त्यावर काका फारसे बोलत नसत. नेम, बाण, हरणाच्या सवयी यांत त्यांना रस नव्हता. त्यांचा सगळा जीव थंडीत गुंतलेला.

"शिकार काय, कोणीही करते बे," ते मला सांगायचे. "पण चार घंटे हलायचं नाही आणि गारठायचं नाही, हे आहे शास्त्र. आधी पाय, मग बाकीचा माणूस."

हे शास्त्र जानेवारीत शिकलं जायचं. मागच्या अंगणात, मुलीच्या जुन्या झोपाळ्याशेजारी, काका घडीच्या स्टुलावर बर्फात तीन तास बसत. अंगावर लोकरीचे थर, खिशात हात शेकायला कोळशाची कांडी जळत ठेवायची डबी आणि हातात वही. ती वही मी पाहिली आहे. 'पंधरावं मिनिट: डावा अंगठा कुरकुरतो. चाळिसावं: नाक आहे की नाही शंका. पंचेचाळिसावं: कुसुम खिडकीतून हसते.' एकदा मागच्या घरातल्या बाईंना वाटलं की माणूस बसल्याजागी गेला. त्यांनी पोलिसांना फोन केला. पोलीस आले, तर काकांनी त्यांचे मोजे तपासले.

ऑक्टोबर लागला की घरावर दुसरं संकट यायचं. शिकारीच्या कपड्यांना माणसाचा वास लागता कामा नये, म्हणून ते कपडे पाचोळ्यासकट पिशवीत भरून गॅरेजमध्ये ठेवलेले असत. आणि जायच्या आधी चार दिवस घरात फोडणी बंद.

"हरणाला हिंग कळतो," काका गंभीरपणे सांगत.

"इथल्या हरणाला हिंग कुठून माहीत असणार?" कुसुमकाकू विचारत.

"माहीत नसतो म्हणून तर पळते ना बाप्पा!"

काकू मग चार दिवस उकडलेल्या भाज्या वाढत. हरणाचा सूड आमच्यावर. "आठ वर्षं जातायत," त्या मला म्हणाल्या, "आणि आजवर शिकारीहून घरी काय आलं असेल, तर फक्त पडसं."

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काका हा विनोदाचा हक्काचा विषय होता. ते आले की कुणीतरी "लपा, लपा, मोजे!" म्हणायचं. पुण्या-मुंबईची मंडळी त्यांच्या 'काहून'ची आणि 'बाप्पा'ची नक्कल करत. मीही करायचो, आणि माझी नक्कल चांगली व्हायची.

काकांचा शिकारीतला जोडीदार वॉल्टर. हा शेजारच्या गल्लीतला निवृत्त सुतार, वय सत्तरीच्या पुढे, उंच, वाकलेला, कमी बोलणारा. त्यानंच काकांना या नादाला लावलं होतं. त्याच्या चुलतभावाचं रान दोन तासांवर नदीकाठी होतं. दर नोव्हेंबरात एका शनिवारी दोघं तिकडे जात.

त्या वर्षी काकांनी मलाही ओढलं. "एक दिवस ये. पुस्तकं वाचून गर्मी येत नसते." माझ्या अंगावर त्यांनी स्वतः एकेक थर चढवला. शेवटी मला हात खाली घेता येईनात. गाडीत मला आडवाच सरकवला.

उजाडता उजाडता आम्ही रानात पोचलो. वाळल्या फांद्यांचा एक आडोसा होता, त्यामागे तीन स्टुलं मांडली. काकांनी थर्मास, लोकरीची घोंगडी, जादा मोजे, जादा टोप्या अशी सगळी मांडामांड केली. मग धनुष्य झाडाला टेकवून ठेवलं आणि ते विसरून गेले. थोड्या वेळानं वॉल्टर ओढ्याच्या बाजूला जाऊन आला आणि काही न बोलता स्टुलावर बसला.

दोन तास काहीच झालं नाही. नंतर खरंच एक हरीण आलं. पंचवीस-तीस पावलांवर थांबलं आणि आमच्याकडे बघायला लागलं. मी काकांकडे पाहिलं. ते हरणाकडे बघतच नव्हते. ते वॉल्टरकडे बघत होते.

"याचं थरथरणं थांबलं. म्हणजे थंडी आत गेली," ते पुटपुटले. आणि मग हळू बोलायचा नियम मोडून ओरडले, "वॉल्टर! तुझ्या बायकोचं नाव सांग!"

हरीण उधळलं. वॉल्टरनं काहीतरी उत्तर दिलं, पण ते तोंडात पिठाचा गोळा असल्यासारखं आलं. काकांनी वाकून त्याच्या पायांना हात लावला. दोन्ही पाय गुडघ्यांपर्यंत भिजलेले. ओढ्यावरचा पातळ बर्फ फुटून तो आत गेला होता आणि दोन तास तसाच बसला होता.

त्यापुढचे काका मी कधी पाहिले नव्हते. एकही म्हण नाही, एकही सिद्धांत नाही. त्यांनी वॉल्टरचे ओले बूट, मोजे, पँट काढली. मग स्वतःचे कपडे काढायला सुरुवात केली. कोट, स्वेटर, लोकरीची विजार. एकेक काढून त्याला घालत गेले. मी त्याचे हात चोळायला गेलो, तर माझ्या हातावर चापट बसली. "चोळू नको. गुंडाळ." त्याची जीभ थोडी वळायला लागल्यावर थर्मासमधला गोड चहा त्याला घोटघोट पाजला. आणि सगळा वेळ त्याच्याशी बोलत राहिले. निम्मं इंग्रजी, निम्मं अकोल्याचं. "झोपायचं नाही बे. माझ्याकडे पाह्य. वॉल्टर, लुक हिअर, बाप्पा."

गाडी अर्ध्या मैलावर होती. घोंगडीची झोळी करून, बसवत-उचलत आम्ही त्याला नेला. बर्फात काका फक्त आतल्या पातळ कपड्यांवर चालत होते, ओठ निळे पडलेले. मी कोट काढायला लागलो, तर म्हणाले, "तुझा तू घाल. तुला सवय नाही."

जवळच्या गावात लहानसं हॉस्पिटल होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास उशीर झाला असता, तर कठीण होतं. दुपारपर्यंत वॉल्टर गरम पांघरुणांत उठून बसला. काका फोन करायला बाहेर गेले. मी विचारलं, "पाय भिजले तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर परत फिरावं लागलं असतं," वॉल्टर म्हणाला. "तो ऑगस्टपासून तयारी करतो. वर्षातला त्याचा हा एक दिवस."

मग दाराकडे एकदा बघून त्यानं आवाज खाली आणला. "माझी बायको गेली, तेव्हाच माझं शिकारीवरचं मन उडालं. मी येतो ते त्याच्यासाठी. एकदा तो मला तुमच्या त्या हत्तीच्या देवाच्या सणाला घेऊन गेला होता. खूप लोक होते. सगळे त्याला हसत होते, पण जेवताना त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. माझ्याशिवाय त्याला आहे कोण? त्याला सांगू नकोस."

मी मान खाली घातली. त्या सणाला मी होतो. लांबच्या टेबलावर.

परतताना वॉल्टर काकांचे कपडे घालून मागच्या सीटवर घोरत होता. हॉस्पिटलनं दिलेल्या निळ्या गाउनवर वॉल्टरचा कोट चढवून काका गाडी चालवत होते. मग मराठीत, अगदी हळू म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. मला यातलं काही आवडत नाही. थंडीचा तर तिटकाराच आहे. मले अजून अकोल्याच्या उन्हाची स्वप्नं पडतात."

"मग जाता कशाला?"

"याची बायको गेली, पोरगा कॅलिफोर्नियात. नोव्हेंबर आला की याला रान पाहिजे. म्हाताऱ्याला एकट्याला सोडू कसं? गारठून मरेल. म्हणून म्हटलं, जायचंच आहे, तर थंडीचा अभ्यास तरी करू."

वॉल्टरचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते बोललो असतो, तर दोघंही त्याच क्षणी सुटले असते. कुणालाच बर्फात बसावं लागलं नसतं. आणि मग पुढच्या नोव्हेंबरात दोघंही आपापल्या घरात, हीटरशेजारी, एकेकटे बसले असते.

"बरोबर आहे काका," मी म्हणालो. "त्याला एकटं सोडू नका."

"तेच तर," काका म्हणाले, आणि पुढच्या वर्षी ओढ्यावर लाकडी फळी कशी टाकायची, ते मला समजावून सांगायला लागले.