बरं झाल्याची तारीख

आजार घरात शिरतो तेव्हा कुणाची परवानगी घेत नाही; तो गेला की नाही, हे मात्र घरातल्या सगळ्यांच्या संमतीनेच ठरावं लागतं. बसवनगुडीतल्या विश्वासरावांच्या घरी हा ठराव मे महिन्यातल्या एका दुपारी मांडला गेला. घर कान टवकारून बसलं होतं. तेवढ्यात त्यांच्या सुनेच्या, रम्याच्या, काखेतला थर्मामीटर टीं टीं करून वाजला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. आठवडाभराचा कोविड उतरला होता.

रम्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते आनेकल. तिथे तिची आई कस्तुराबाई आठवड्यातून तीनदा डायालिसिसला जायची आणि उरलेले दिवस फोनजवळ बसायची. त्याच आठवड्यात रम्याच्या लेकीचे, भूमिकाचे, वय वर्षे सहा, वरचे पुढचे दोन्ही दात पडले होते. कस्तुराबाईंची मागणी एवढीच होती: "पोरीचं बोळकं मला एकदा समोर बघू दे गं. फोनमध्ये सगळ्यांचीच तोंडं सारखी दिसतात."

डॉक्टर वादिराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि चिठ्ठी लिहिली: बरं झाल्यापासून तीन महिन्यांनी बूस्टर. (मागच्या बाजूलाही दोन ओळी होत्या. पण चिठ्ठी चुंबकाने फ्रिजवर लागली, आणि फ्रिजवर लागलेल्या कागदाला मागची बाजू नसते.) या कामाला त्यांना चाळीस सेकंद लागले. चाळीस सेकंदांत मिळालेला सल्ला कुठलं सुशिक्षित घर जसाच्या तसा पाळील? आधी बूस्टर, मग आनेकल, हा क्रम घराने आपणहून लावला आणि मग घर तारखेकडे वळलं.

विश्वासरावांची चौतीस वर्षं सरकारी कचेरीत गेली होती. बरं वाटणं ही त्यांच्या मते तोंडी बाब. तिला कागद हवा. तपासणी पुन्हा झाली, निकाल चांगला आला, पण कागद हाती यायला नऊ दिवस लागले. कागद ज्या दिवशी आला तो दिवस नियमाप्रमाणे धरायचा नसतो. (कोणत्या नियमाप्रमाणे, हे मामंजींना विचारायचं नसतं.) म्हणजे दहा दिवस पुढे.

रम्याचा नवरा अभिमन्यू हेब्बाळच्या एका कंपनीत आलेख काढतो. त्याने सात रकान्यांचा तक्ता केला, त्यात हिरवा रंग भरला आणि लशीचा जोर ऐन थंडीत शिगेला पोचायचा असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उत्तम, असं सिद्ध केलं. त्याचा स्वतःचा बूस्टर दीड वर्ष राहिलेला होता. त्याचा तक्ता अजून व्हायचा होता.

सासूबाईंनी, म्हणजे राजलक्ष्मीबाईंनी, दोघांचीही चूक दाखवली. मध्ये अधिक श्रावण आला होता. "अधिकात आपण मुंज करत नाही, लग्न करत नाही, तो महिना मोजायचा कसा?" यावर त्या घरातल्या विज्ञानाने तक्त्यात आणखी एक रकाना घातला.

तिघांचे तीन महिने एकदाचे भरले तेव्हा गौरी-गणपती तोंडावर आले होते. सुई टोचून ताप आला तर नैवेद्याचे कडबू कोण करणार? मग पितृपंधरवडा आला. चांगल्या कामाला हात लावायचा नाही असे ते दिवस, आणि लस हे चांगलं काम आहे यावर घराचं एकमत होतं.

इकडे आनेकलहून दर दोन दिवसांनी फोन यायचा. "दात उगवले का गं?" रम्या म्हणायची, अजून नाही. पहिल्यांदा हे खरं होतं. पुढे पांढरी टोकं दिसायला लागली, तरी ती अजून नाहीच म्हणत राहिली. आणि भूमिकाला सांगायची, अज्जीशी बोलताना तोंड जरा मिटून हस.

ऑक्टोबरात रम्या अखेर लसीकरण केंद्रावर गेली. तिथल्या नर्स श्यामलांनी प्रेमाने बसवून घेतलं. "स्वल्प थांबा अक्का. दहा जण जमले की बाटली उघडते." लस फक्त गुरुवारी. पहिल्या गुरुवारी तिघं जमली, दुसऱ्या गुरुवारी सहा, तिसऱ्या गुरुवारी पाच. रम्याला एकदाच धरलं तरी बारा माणसं. बाटलीला पुरून वर दोन उरली असती, फक्त एकाच दिवशी यायला हवी होती.

चौथ्या गुरुवारी सकाळीच श्यामलांचा फोन आला: दहा झाले, लगेच या. रम्याने पर्स उचलली आणि तिला शिरशिरी आली. घराने पुन्हा कान टवकारले. टीं टीं. एकशे एक.

विश्वासरावांनी शांतपणे दिवस मोजायच्या वहीचं नवं पान उघडलं आणि वर तारीख घातली.

डॉक्टरांना दाखवायला म्हणून रम्याने फ्रिजवरची चिठ्ठी ओढली. चुंबक खाली पडलं, चिठ्ठी हातात उलटी आली. मागचा मजकूर तिने स्वतःशीच, पण मोठ्याने वाचला: "आईंना भेटायला बूस्टरसाठी थांबू नका. आणखी दहा दिवसांनी मास्क लावून जा, खिडकी उघडी ठेवा, खुशाल बसा."

वाचकांना एव्हाना या घराची कीव आली असेल. येऊ द्या. मागच्या बाजूला दोन ओळी आहेत, ही खबर त्यांना सुरुवातीलाच दिली होती. त्यांनीही कंस ओलांडला आणि सगळ्यांबरोबर तारखा मोजायला बसले.

भूमिका दाराच्या उंबऱ्यावर उभी होती. आईला ताप असला की तिथपर्यंतच यायचं, हे तिला पाठ होतं. तिने तोंड उघडलं. वरचे दोन्ही दात, चांगले रुंद, पुरते आलेले.

"आई, मग आपण का नाही गेलो?"