एका सुरमईची सात डोकी

खंडू तांडेलाने बायकोचा फोन उचलला तो तिला मदत व्हावी म्हणून. (चूक एवढीच. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं.)

गोदूबाई परसात मासळी साफ करत होती, हात खवल्यांनी भरलेले. सकाळी बंदरावरून आणलेल्या मोठ्या सुरमईचा फोटो तिने गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. लिहिण्याशी तिचं जमत नसे. सगळा धंदा आवाज रेकॉर्ड करून चाले. "वाजला तर वाजू दे, हात धुऊन मी बघते," असं ती सांगून गेली होती.

पण खंडूने तीस वर्षं होडी हाकली होती. वायरलेसवर हाक आली आणि त्याने उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. आता एकेक बाई फोन करून सुरमईचं डोकं मागत होती. 'बायकोला विचारून सांगतो' म्हणणं तांडेलाला शोभलं नसतं.

"ठेवलं तुमच्यासाठी," तो प्रत्येकीला ऐटीत सांगत गेला.

गोदूबाई हात पुसत आली तेव्हा सात डोकी वाटून झाली होती.

"आणि मी आणलेल्या सुरमईला डोकी किती?"

खंडूने खरोखरच टोपलीत वाकून पाहिलं. "एक."

"तेही सकिनाभाभीचं. डोकं माझ्याकडे नंबराने जातं, आज तिचा नंबर. दोन वर्षांनी तिचा मुलगा नबील येतोय मस्कतहून."

"ती तर काय बोललीच नाय."

"कशाला बोलेल? मी शब्द दिलाय." गोदूबाईने फोन त्याच्यापुढे धरला. "माझा शब्द फिरला तर उद्या गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. लावा फोन, सातही जणींना. तुम्हीच."

वादळात सुकाणू न सोडलेल्या खंडूने पहिला फोन लावण्याआधी दोनदा चष्मा पुसला. पण दिशाताई नुसतं "बरं" म्हणाल्या. रुचिराही "बरं" म्हणाली. सहाव्या फोनपर्यंत खंडूचा आवाज पूर्ववत खणखणीत झाला. (आपलं वजनच तसं, असं त्याला वाटू लागलं.)

सातवी काशी.

"वयनी, डोकं नाय हो मिळायचं. तुम्ही वाटण तर करून ठेवलं नाय ना?"

"नाय हो भावोजी," काशी म्हणाली. "तुम्ही काय ते बोललात, आम्ही ऐकलं. पण गोदूबायचा आवाज आल्याशिवाय इथं कोणी नारळ फोडत नाय."