दोन वीत चार बोटं

"दसऱ्याला पूजा आणि दिवाळीच्या आधी विक्रम!" असं चिंतामणराव टिपणिसांनी उभं राहून जाहीर केलं, तेव्हा सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय चालू होता. टाकी बाजूला राहिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुळगावातल्या त्या चार मजली इमारतीत आजवर कोणी कसला विक्रम केला नव्हता. फार तर तळमजल्यावरच्या शिवराम गोडांबेंनी सलग अकरा वर्षं सेक्रेटरी होण्याचं टाळलं होतं.

विक्रम करायचा होता तो मोटारसायकलीवर. एका क्लबाने दोन जिल्हे पलीकडच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर वेगाच्या चाचण्या ठेवल्या होत्या. वळणं नाहीत, शेजारी प्रतिस्पर्धी नाही, एकट्याने नाकासमोर जायचं आणि शेवटच्या टप्प्यातला वेग यंत्राने मोजायचा. लहान इंजिनाच्या गटात जो ताशी एकशेवीसच्या वर जाईल त्याचं नाव क्लबाच्या फलकावर लागणार होतं.

चिंतामणराव अंबरनाथच्या कारखान्यात अडतीस वर्षं तपासणी अधिकारी होते. दुसऱ्यांनी केलेली वस्तू व्हर्नियरने मोजायची आणि पास किंवा नापासचा शिक्का मारायचा, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी येताना त्यांना एकदम वाटलं, की आपण स्वतः म्हणून एकही वस्तू केलेली नाही. ते फार लागलं त्यांना. तेव्हापासून त्यांची जुनी शंभर सीसीची गाडी पार्किंगमध्ये उघडीवाघडी पडली होती आणि ते तिच्यापाशी दिवसदिवस बसत. पिस्टन उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याने शोधून दिला. "साईं, कंपनी भूल गई होगी, हम नहीं भूले," असं म्हणत त्याने तो माळ्यावरच्या खोक्यातून काढला होता.

"इंजिनाचं काही नाही गं, खरा शत्रू वारा," चिंतामणराव बायकोला समजावत. वाऱ्याला फसवायचं तर गाडीवर पालथं पडायचं आणि भोवती माशाच्या आकाराचं फायबरचं कवच हवं, अंगाला अगदी लागून. सुनंदाबाई बदलापूर गावातल्या शाळेत गणित शिकवत आणि वीस वर्षं स्कूटरने जात-येत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की एकसष्टाव्या वर्षी माणसाने पालथं पडायचंच असेल तर ते पलंगावर पडावं.

कवच करायला भगवंत मूर्तिकार ठरला. बारवीच्या रस्त्याला त्याचा कारखाना. मंडळांचे फायबरचे गणपती तो असे करी, की चार माणसांनी हसत उचलावेत. चिंतामणरावांनी त्याला सात पानी नकाशा दिला, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत आकडे घातलेला. भगवंतने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि खुंटीला अडकवला. मग चिंतामणरावांना फळीवर पालथं झोपवून त्याने वितीने माप घ्यायला सुरुवात केली.

"अरे, नकाशात सगळं दिलंय!"

"कागुद भिजतो साहेब. हात भिजला तरी बिघडत नाय." आणि त्याने मोठ्याने माप म्हटलं, "खांदा दोन वीत चार बोटं."

भगवंतचा हात सुपाएवढा. चिंतामणरावांना ते अंगठा आणि करंगळी पाठीवरून चालत जाणं मुळीच आवडलं नाही. पण गाडीच्या फ्रेमवर बसणाऱ्या खालच्या कडेसाठी त्यांनी पुठ्ठ्याचा फर्मा कापून दिला होता, तेवढा तरी भगवंत वापरणार होता. तेवढ्यावर समाधान मानून ते घरी आले.

नवरात्र तोंडावर आलं आणि देवीच्या मूर्तींची घाई सुरू झाली, त्यामुळे कवच लांबलं. ते आलं ते नेमकं खंडेनवमीला. मातीचा नमुना, त्यावरून साचा आणि साच्यातून काढलेलं पांढरंशुभ्र, गुळगुळीत, देखणं कवच. भगवंतची बायको जनी हिने त्याला हळदकुंकूही लावून पाठवलं होतं. पुठ्ठ्याच्या फर्म्याबरहुकूम कापलेली खालची कड फ्रेमवर अशी चपखल बसली, की चिंतामणरावांचे डोळे भरून आले.

आतून मापं तपासावीत म्हणून ते व्हर्नियर आणायला वर गेले, तर व्हर्नियर, टेप, पाने, हातोडी सगळं पाटावर मांडलेलं आणि त्यावर झेंडूची फुलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. सुनंदाबाईंनी पूजा सकाळीच उरकली होती.

"फक्त पाच मिनिटं देतेस?"

"वर्षभर राबतात ती. एक दिवस त्यांना सुट्टी द्या," सुनंदाबाई म्हणाल्या. चिंतामणरावांनी नमस्कार केला आणि रिकाम्या हाताने खाली आले. अडतीस वर्षांत त्यांनी न मोजता पास केलेली ती पहिली वस्तू.

दसऱ्याला सकाळी अख्खी सोसायटी पार्किंगमध्ये जमली. गाडीला हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. शर्यतीच्या गाडीला स्टँड नसतो, म्हणून चौघांनी ती धरली होती. आता लिंबावरून चाक नेलं की पूजा संपली. पण लोकांसमोर नुसती गाडी ढकलणं चिंतामणरावांना बेचव वाटलं. "मी आत बसतो. म्हणजे कळेल अंगाला लागून म्हणजे काय ते," असं म्हणून त्यांनी आत डोकं घातलं.

डोकं गेलं. खांदे जाईनात. त्यांना वाटलं, नवीन बुटासारखं असेल, जरा जोर लावला की बसेल. त्यांनी श्वास सोडला, गोडांबेंनी मागून रेटलं आणि ते बसले. म्हणजे असे बसले, की श्वास परत घ्यायला जागा उरली नाही. कोपरं पोटाशी चिकटली होती आणि ब्रेकची दांडी बोटभर लांब राहिली होती.

बाहेरच्यांना यातलं काही दिसत नव्हतं. गणपती बाप्पा मोरया झालं आणि चौघांनी मिळून असा धक्का दिला, की लिंबं तर चिरडलीच, पण गाडी त्यांच्या हातून सुटून फाटकाबाहेर गेली. फाटकाबाहेर उतार आहे. तो संपतो तिथे दसऱ्याला फुलवाले बसतात.

चिंतामणराव आतून ओरडत होते. फायबरच्या आत तो आवाज घुमून एखाद्या इंजिनासारखा येत होता, त्यामुळे गाडी चालू झाली असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने रस्त्यातून बाजूला होत नमस्कार केला. मग झेंडूचा एक मोठा ढीग आला आणि विक्रमवीर त्यात नाकापर्यंत घुसून थांबले.

त्यांना कुठे खरचटलं नाही. पण ते निघेनातही. खोबरेल तेल झालं, ओढून झालं, शेवटी फोन करून भगवंतला बोलावलं. तो जनीला टेम्पोत घालून आला. त्याने कवचावर वीत टाकली, पुन्हा टाकली आणि कपाळाला हात लावला.

"दोन वीत भरत नाय हे. जने, तू तुझ्या वितीनं केलंस?"

जनी साडेचार फुटांची, हात मुठीत मावेल एवढा. तिला यात काही चुकलंय असं वाटलं नाही. "मंग कोनाच्या वितीनं करू? दोन वीत चार बोटं बोललात, दोन वीत चार बोटं केलं. तुमचा हात देवीच्या डोळ्यांत अडकलेला."

ते खरंच होतं. देवीचे डोळे एकटा भगवंत रेखायचा आणि नवरात्राआधी त्याला दुसरं काही सुचायचं नाही. मातीकाम सगळं जनीकडे. जनीने कवचाकडे पाहिलं, त्यातून बाहेर आलेल्या पायांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "साचा बराबर हाय. मानूस चुकलाय."

करवतीने बाजूला चीर देऊन चुकलेला माणूस बाहेर काढला आणि चीर पुन्हा सांधली. दुसरं कवच आता होणार नव्हतं, कारण भगवंतचं भात कापणीला आलं होतं आणि चाचण्या सतरा दिवसांवर होत्या. चिंतामणराव पायरीवर बसले. सगळ्या इमारतीत झेंडूची तोरणं लागत होती, ते ज्यात घुसले होते त्याच ढिगातली. आयुष्यात एक वस्तू केली आणि तीही नापास, हे त्यांच्या मनातून जाईना.

सुनंदाबाई कवचावरचं तेल पुसायला खाली आल्या होत्या. पुसता पुसता आतला भाग राहिला म्हणून त्या वाकल्या, मग आडव्या झाल्या आणि आत गेल्या. खांदे गेले, गुडघे बसले, बोटं ब्रेकवर आपसूक पडली. बराच वेळ त्या बाहेर येईनात, तेव्हा चिंतामणराव घाबरून उठले.

"अगं, अडकलीस का?"

"नाही," आतून आवाज आला. "छान वाटतंय."

एकमेकांकडे न बघता दोघांनी चहा घेतला. चहा संपल्यावर चिंतामणरावांनी मुलीला, अनुयाला, फोन लावला आणि अर्जात चालकाचं नाव बदलायला सांगितलं. नवं नाव होतं तिच्या आईचं.

पालेगावात एका नव्या वसाहतीचा रस्ता तयार होता आणि इमारती अजून व्हायच्या होत्या. तिथे परवानगी काढून, दोन्ही टोकं बंद करून सराव सुरू झाला. सुनंदाबाई थांबण्याआधी हात बाहेर काढून मागच्याला खूण करायच्या. मागे कोणी नाही हे चिंतामणरावांनी अनेकदा सांगून पाहिलं. त्या म्हणायच्या, सवय आहे.

चाचणीच्या दिवशी प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत गाडी बाणासारखी सुटली, शेवटच्या टप्प्याजवळ आली आणि एकदम मंदावली. वेग लागला ताशी एकोणपन्नास.

"काय झालं?" चिंतामणराव धावत गेले.

"पुढे स्पीडब्रेकर होता," सुनंदाबाई हेल्मेटची काच वर करून म्हणाल्या. "पांढरे पट्टे दिसले नाहीत का तुम्हाला?"

ते पट्टे वेग कुठून मोजायचा ते दाखवणारे होते. पण बदलापुरात वीस वर्षं स्कूटर चालवलेल्या बाईला पांढरा पट्टा दिसला की हात ब्रेकवर जाणारच, यात तिचा काय दोष. चिंतामणराव रागावणार होते. मग त्यांना दिसलं, की बायकोची नजर पुन्हा सुरुवातीच्या रेषेकडे लागली आहे आणि तिला हे त्यांच्याइतकंच हवं आहे. ते चालत त्या पट्ट्यांपर्यंत गेले, सगळ्यांसमोर त्यांच्यावर उताणे झोपले आणि हात पसरून ओरडले, "बघ, सपाट आहे!" दोन पंचांनी त्यांना उचलून बाजूला नेलं.

दुसऱ्या फेरीत त्या थांबल्या नाहीत. वेग आला ताशी एकशे तेवीस. चिंतामणराव रडले, आणि ते लपवावं असं त्यांना वाटलंही नाही. फलकावर नाव लागलं सुनंदा टिपणीस, आणि खाली बारीक अक्षरात, गाडी बनवणारे चिंतामण टिपणीस. त्या बारीक अक्षरांचा फोटो त्यांनी अजून कोणाकोणाला पाठवला नाही ते विचारा.

पुढच्या वर्षी मात्र स्वतः बसायचं, हे त्यांनी परतीच्या वाटेवरच ठरवलं होतं. भात झोडून झाल्यावर ते भगवंतकडे गेले, खिशात व्हर्नियर आणि हातात फुटाची स्टीलची पट्टी घेऊन. या वेळी समोर बसून, आपल्या पट्टीने, आपल्या मापाचं कवच करून घेणार होते.

भगवंतने डोकं खाजवलं. "बाई येऊन गेल्या ना साहेब, मंगळवारी. पुढल्या वर्षासाठी नव्या साच्याचं सांगून गेल्या. बोलल्या, हात जनीचाच पायजे."

आत जनीने माती मळायला घेतलीही होती. तिने चिंतामणरावांच्या हातातली पट्टी पाहिली आणि तळहात पुढे केला. "द्या इकडं. माती चोपायला बरी हाय."

चिंतामणरावांनी पट्टी दिली. ती मातीवर कशी चालते ते बराच वेळ बघत उभे राहिले, आणि शेवटी पास म्हणून मान हलवली.