आठ हजारांची धुलाई

आमच्या चर्चला छप्पर नाही. कार्यवृत्तात ही परिस्थिती 'तात्पुरती' म्हणून नोंदलेली असून नोंदीला दोन वर्षे झाली. वादळात पत्रे उडाले आणि त्यांतले बरेचसे शेजारच्या गावच्या चर्चवर जाऊन पडले. त्या मंडळींनी ते देवाची देणगी म्हणून तिथेच ठोकून टाकले.

आमच्या सामोआत रविवारी उपासना संपली की कोणी किती दान दिले ते नावानिशी मोठ्याने वाचतात. हे नम्रतेला धरून नाही, असे बाहेरचे लोक म्हणतात. न वाचता दान गोळा करून त्यांनी एकदा बघावे.

एका रविवारी अलापाती चर्चमध्ये आला. धक्क्याजवळचा बार याचाच. त्याने ताटात आमच्या चलनातले आठ हजार ताला ठेवले, म्हणजे अख्खे छप्पर ठेवले. शेजारी त्याची आई, सिनीवा आजी, पांढरी टोपी घालून बसली होती. ऐंशी वर्षांच्या या बाईची एकच इच्छा होती.

"माझ्या पोराचं नाव या चर्चमध्ये एकदा वाचलेलं ऐकू दे," ती म्हणाली. "मग मी मरायला मोकळी."

पंच कमिटीची तातडीची बैठक भरली. चिटणीस म्हणून मी हजर होतोच.

"दारूचा पैसा!" पाळकसाहेब छत्रीखालून कडाडले. "देवाच्या घरावर दारूचं छप्पर घालायचं?"

"मग परत करू या का?" खजिनदार पेनिआमिनांनी विचारले.

सगळ्यांनी वर पाहिले. वर आभाळ होते.

"परत करा असं मी कुठे म्हणालो?" पाळकसाहेब म्हणाले.

"तेच म्हणतोय मी," पेनिआमिना म्हणाले. "पैसा वाईट नसतो हो साहेब, हात वाईट असतात. हात बदलला की झालं!"

ठराव एकमताने झाला. सदर रक्कम सात स्वच्छ हातांतून फिरवून मगच जमा करावी आणि प्रत्येक हाताने धुलाईखर्चापुरती वाजवी रक्कम ठेवून घ्यावी. पहिला हात पेनिआमिनांचा, दुसरा त्यांच्या बायकोचा. मी तिसरा. त्यांना साबण लागला, मला प्रार्थना करावी लागली, आणि प्रार्थना साबणाहून महाग पडते हे कोणीही मान्य करील. सातवा हात अर्थातच पाळकसाहेबांचा. एवढ्याने डाग जाईल का, अशी शंका त्यांनाच आली, म्हणून उलट दिशेने आणखी एक फेरी झाली.

शेवटी चाळीस ताला उरले. पाळकसाहेबांनी नोटा नाकाशी धरल्या. "आता अजिबात वास येत नाही," ते समाधानाने म्हणाले.

पुढच्या रविवारी पेनिआमिनांनी खड्या आवाजात वाचले, "शुद्ध निधी, चाळीस ताला." मग सातही हातांची नावे वाचली. पाऊस सुरू झाला होता. चर्चमध्ये सगळ्यांचेच हात ओले झाले होते, काहींचे पावसाने.

सिनीवा आजी उठून उभी राहिली. "आणि माझ्या पोराचं नाव?"

"आजी, ते धुलाईत गेलं," पेनिआमिना म्हणाले.

"आणि आठ हजार? तेही धुलाईतच गेले का रे, मेल्यांनो?"

टोपीवरून पाणी गळत असताना म्हातारी उभीच राहिली. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. पण हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

एवढ्या धुलाईने माणूस दमतो. दमलेली माणसे संध्याकाळी कुठे जातात हे गावाला ठाऊक आहे. महिन्याभरात धुलाईखर्चाच्या सगळ्या नोटा अलापातीच्या गल्ल्यात परतल्या आणि तो त्या घेऊन पुन्हा चर्चमध्ये आला.

"साहेब, या वेळी तरी नाव वाचा," तो म्हणाला. "आईला आता चालवत नाही."

"अरे, पण हा पैसा आता कुठून आला?" पाळकसाहेबांनी विचारले.

"तुमच्याकडूनच, साहेब."

हे ऐकून कमिटी फारच गंभीर झाली. इतक्या संशयास्पद पैशाला सात हात पुरणार नाहीत, दहा लागतील, असे ठरले. गावातले स्वच्छ हात मात्र संपले आहेत. तीन जागा रिकाम्या आहेत आणि त्या बाहेरच्या, निःपक्षपाती व्यक्तींमधून भरायच्या आहेत. धर्माची अट नाही. आमच्यावर आतापर्यंत हसत असलेल्यांना प्राधान्य मिळेल, कारण आपले हात स्वच्छ असल्याची त्यांची खात्री असते. धुलाईखर्च दहा टक्के.

कृपया लवकर कळवा, सिनीवा आजीने अंथरूण धरले आहे. आठ हजारांचे दहा टक्के किती, ते वेगळे सांगत नाही. तो हिशेब तुम्ही मनातल्या मनात केलाच आहे, आजीचा हिशेब व्हायच्या आधीच.